आमचं घर पडलं नव्हतं

"हा ड्रेस काढ," मॅडम म्हणाल्या. "अशी दिसलीस तर लोकांना पटणार नाही."

मी हॉलच्या मागच्या खोलीत उभी होते. अंगावर नवा पंजाबी ड्रेस. हिरवा. मावशीनं दिवाळीला शिवून घेतलेला. मावशी लातुरात मुलींच्या होस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटायची आणि मी तिच्याकडं राहून बारावीचा अभ्यास करत होते. मॅडम म्हणजे आमच्या क्लासच्या सरांची बायको. त्यांनी पिशवीतून एक विटका ड्रेस काढला. कोपरावर उसवलेला. तो त्यांनी घरूनच आणला होता. म्हणजे आधीच ठरलं होतं.

"बाथरूममध्ये जाऊन बदल. आणि वेणी सैल कर थोडी."

मी बदलला. मॅडमनी मला खालून वर बघितलं. भाजी निवडताना बघतात तसं.

"आता बरोबर," म्हणाल्या.

बाहेर हॉल भरला होता. लांबलांबचे पालक आले होते. धर्माबादचे, उमरीचे, शिरूर अनंतपाळचे. दहावीला चांगले मार्क पडलेली लेकरं घेऊन. डॉक्टर करायचं तर लातूर, एवढं सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं. आणि दरवेळी अशा कार्यक्रमात सरांच्या भाषणाआधी मला उभं करायचे. भूकंपातली मुलगी.

माझं भाषण मॅडमनी बसवलं होतं. आमचं घर कोसळलं. आई ढिगाऱ्याखाली गेली. सरांनी मला मुलीसारखं जवळ केलं, फुकट शिकवलं. 'आई' म्हटल्यावर थोडं थांबायचं. माझं गावाकडचं बोलणं तसंच ठेवायचं. "लोकांना ते आवडतं," मॅडम म्हणायच्या. याच बोलण्यावर वर्गात पोरं हसायची. मी "न्हाई" म्हटलं की मागून कुणीतरी "न्हाई, न्हाई" करायचं. वर्गात चेष्टा आणि स्टेजवर टाळ्या. बोलणं तेच.

आणि त्या भाषणातलं पहिलंच वाक्य खोटं होतं.

आमचं घर पडलं नव्हतं.

आमची वस्ती औशाकडच्या एका गावाबाहेर. घर तुराट्यांच्या कुडाचं, वर पत्रे. ते हाललं, पत्रे वाजले, पण उभं राहिलं. वस्तीतली बहुतेक घरं उभी राहिली. पडली ती गावातली माळवदं. दगडामातीच्या हातभर रुंद भिंती, वर मातीचं जड छत. आदल्या दिवशी गणपती बुडवले होते. पाटलाकडं जेवणावळ होती. आई भांडी घासायला गेली. सगळी भांडी झाली नाहीत तेव्हा पाटलीणबाई म्हणाल्या, इथंच पड, उरलेली पहाटे घास. आई त्यांच्या दाराजवळच्या ढाळजेत झोपली. त्यापुढं आत तिला कधीच जाता येत नव्हतं. पहाटेआधीच भूकंप झाला आणि ढाळजेची भिंत तिच्यावर आली. पाटलांच्या घरातलीही माणसं गेली. त्याचं मला कधी बरं वाटलं नाही. पण आई आमच्या घरात झोपली असती तर जगली असती, हे मला तिसरीत असतानाच कळलं होतं.

वडील याबद्दल बोलायचे नाहीत. गावात कुणीच बोलायचं नाही. पेपरवाले आले, मदत आली, पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरली. थोडे दिवस सगळे एका रांगेत बसून जेवले. मग नवं गाव वसलं आणि आमची वस्ती परत कडेलाच पडली.

त्या पत्र्याच्या शाळेत मला अभ्यासाची गोडी लागली. डॉक्टर व्हायचं हे नंतरचं. आधी मला एक कळून घ्यायचं होतं. जड भिंत पडते आणि हलका कूड का राहतो? जमीन तर दोन्हीखाली सारखीच हालली.

क्लासमध्ये पाच बॅचा होत्या. पहिल्या बॅचला सर स्वतः शिकवायचे. आमची शेवटची. आम्हाला मागच्याच वर्षी बारावी झालेला एक पोरगा नोट्स वाचून दाखवायचा. आम्ही उतरवून घ्यायचो. बॅच मार्कांवर ठरते असं सगळ्यांना सांगायचे. माझे मार्क पहिल्या बॅचचे होते. मी ऑफिसात जाऊन तसं म्हटलं तर मॅडम म्हणाल्या, "फुकट बसणाऱ्यांनी बॅच निवडायची नसते."

एकदाच सर आमच्या बॅचवर आले. फिजिक्स घेतलं. काय शिकवलं त्यांनी! फळ्यावर दोन रेघा मारल्या की डोक्यात उजेड पडायचा. मला रडूच आलं. वाटलं, हे रोज पलीकडच्या भिंतीआड चालू असतं आणि आपण नोट्स उतरवत बसतो. तास संपताना धीर करून मी उभी राहिले.

"सर, भूकंपात दगडाची घरं पडली अन् पत्र्याची राहिली. ते का?"

सर घड्याळाकडं बघत होते. "हे पेपरात येणार आहे का?"

"न्हाई सर, पण..."

"मग भूकंपाचं बोलायची तुझी जागा स्टेजवर आहे. इथं अभ्यास कर."

वर्ग हसला. मीही हसले. काय करणार? खाली बसले. आईच्या मरणाबद्दल मला एकच गोष्ट शिकायची होती. तीही शिकायची मला परवानगी नव्हती. ती फक्त स्टेजवर रडून दाखवायची होती.

तर त्या दिवशी, विटक्या ड्रेसमध्ये, मी माईकसमोर गेले. समोर सगळ्या बायकांचे डोळे आधीच ओले. सर बाजूच्या खुर्चीत, पाहुण्यांशेजारी. मी ठरवून काही गेले नव्हते. पहिलं वाक्य तोंडात आलं आणि पुढं सरकेना.

मग मी म्हणाले, "आमचं घर पडलं न्हाई."

मॅडमना वाटलं मी विसरले. त्या खालून ओठ हलवून सांगायला लागल्या, कोसळलं, कोसळलं.

"आमचं घर कुडाचं व्हतं. ते राहिलं. माझी आई पाटलाची भांडी घासायला गेली व्हती. त्यांच्या भिंतीखाली मेली. अन् सरांनी मला जवळ केलं न्हाई. शेवटच्या बॅचला बसवलं. तिथं सर येत न्हाईत. माझे मार्क पहिल्या बॅचचे हायत. मला पहिल्या बॅचला शिकायचं हाय. हा ड्रेस बी माझा न्हाई."

कुणीतरी सवयीनं टाळी वाजवली. मग थांबलं. क्लासच्या एका माणसानं माईक काढून घेतला. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक पागोटेवाला गृहस्थ उठला. "सर, मंग आमचं लेकरू कोन्त्या बॅचला बसनार?" लगेच दुसरा उठला, तिसरा उठला. सगळ्यांना आपापल्या लेकराची बॅच ठरवून पाहिजे होती. माझ्याबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही. आईबद्दलही नाही.

मागच्या खोलीत सर आले. चेहरा लाल, आवाज मात्र गोड.

"तुझ्यासारख्यांना दया दाखवली की असं होतं."

"दया नको व्हती, सर. तास पाहिजे व्हता."

"उद्यापासून येऊ नकोस."

मी माझा ड्रेस घातला आणि निघाले. मावशीनं ऐकता ऐकता तव्यावरची पोळी करपू दिली. वडील दुसऱ्या दिवशी गावाकडून आले. दारातच बसले.

"काय करून बसलीस माय? वरीसभर कळ काढायची व्हती. डाक्टर झाली असतीस."

"आईचं खोटं सांगत व्हते, बाबा."

"मला न्हाई ठाव व्हय? पर मेलेल्या मानसाला काय फरक पडतोय?"

"मला पडतोय."

वडील रडले. आई गेल्यावर मी त्यांना पहिल्यांदा रडताना बघितलं. पण ते माझ्याशी सहमत झाले नाहीत. शेवटपर्यंत नाही.

मी डॉक्टर झाले नाही. क्लासशिवाय अभ्यास केला, मार्क कमी पडले. कुणी म्हणेल सत्य बोलल्याचं फळ मिळालं. नाही मिळालं. क्लासच्या इमारतीवर मजला चढला. पुढच्या वर्षी त्या स्टेजवर दुसरी मुलगी उभी होती. तिचे वडील वारले होते.

मी नांदेडला बी.एस्सी. केलं. तिथं एका प्राध्यापकांना माझा जुना प्रश्न विचारला. ते हसले नाहीत. खुर्ची ओढून बसा म्हणाले. जमीन हालली की जेवढं वजन जास्त तेवढा धक्का जास्त, आणि नुसती माती दगडांना एकमेकांशी धरून ठेवत नाही. कुडाला वजनच नाही, तो वाकतो. पाच-सात वाक्यं. एवढंच होतं. एवढंच शिकवायला सरांना वेळ नव्हता.

आता मी उमरीकडं एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. दर उन्हाळ्यात लातूर-नांदेडच्या क्लासची माणसं मिठाईचा पुडा घेऊन येतात. हुशार पोरांची नावं मागतात. यंदा एकानं विचारलं, "मॅडम, गरीब घरची एखादी असेल तर बघा. आईबाप नसलेली असली तर फारच चांगलं."

मी त्याला पुडा परत दिला आणि दार दाखवलं. प्राचार्यांनी मला बोलावून समज दिली. पुन्हा समज दिली तरी मी हेच करणार आहे. माझ्या वर्गातल्या एकाही लेकराचं दुःख मी त्यांच्या हाती देणार नाही. ज्याला जे विचारायचं ते माझ्या तासाला विचारेल, पेपरात येवो न येवो. आपल्या घरच्या बोलीत विचारेल, 'न्हाई' म्हणेल, 'हाव' म्हणेल.

आणि भूकंपाचा विषय निघाला की मी सगळं सांगते. वजन, धक्का, माती. मग हेही सांगते की माझ्या आईला दुसऱ्याची भांडी घासायला थांबवलं म्हणून ती मेली. स्टाफरूममध्ये लोक म्हणतात, हे पोरांना कशाला?

पण आईबद्दलचं हे वाक्य मी आता कुठंच गाळणार नाही.