वालिसालाइसूस म्हणजे मताची गुप्तता

फिनलंडला म्हाताऱ्यांची सेवा करायला जायचं तर त्यांचं राजकारण कशाला शिकायचं, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही. बेडपॅन द्यायला संसदेचं नाव लागत नाही. पण भाषेच्या परीक्षेत तो धडा होता आणि परीक्षेशिवाय नोकरी पक्की होत नव्हती. म्हणून हॉस्पिटलची सकाळची ड्युटी उरकून दुपारी सिडकोतल्या आमच्या घरी मी वही घेऊन बसायचे. एदुस्कुन्ता म्हणजे संसद, एहदोकास म्हणजे उमेदवार, वाल्तूतेत्तु म्हणजे नगरसेवक. शब्द असे की बोलताना जबडा दुखावा.

आई माझी उजळणी घ्यायची. जिल्हा परिषदेच्या शाळेतून ती निवृत्त झाली होती. ती मराठी अर्थ वाचायची, मी फिनिश शब्द सांगायचे, आणि चुकलं की ती पेन्सिलीने फुली मारायची. तिला सगळ्यांत आवडलेला शब्द वालिसालाइसूस, म्हणजे मताची गुप्तता. पेठ तालुक्यातल्या पाड्यांवर तिने कितीतरी निवडणुकांची ड्युटी केली होती. एकदा एक नवरा बायकोच्या मागोमाग मशीनपाशी गेला, तर आईने त्याला सगळ्यांदेखत बाहेर काढलं होतं. निवृत्तीच्या समारंभाचंही इतकं कौतुक तिने कधी सांगितलं नाही.

पुस्तकातल्या चित्रात एक एहदोकास बाजारात उभा राहून लोकांना कॉफी देत होता. ऑनलाइन शिकवणाऱ्या फिनिश बाईंनी विचारलं, तुमच्या गावात उमेदवार काय देतात? मी म्हणाले, चहा. बाईंनी वाक्य अगदी बरोबर आहे म्हणून शाबासकी दिली. मला त्या शाबासकीची शिसारी आली.

कारण त्याच आठवड्यात आमच्या कॉलनीत कुकर वाटले जात होते. संक्रांत आणि महापालिकेची निवडणूक एकदमच आलेली. उमेदवाराच्या बायकोने हळदीकुंकू ठेवलं आणि वाण म्हणून घरटी पाच लिटरचा कुकर. बायका सजूनधजून गेल्या आणि येताना कुरकुरत आल्या, पलीकडच्या प्रभागात मिक्सर दिलाय म्हणून. लाज नावाची गोष्ट कॉलनीत औषधालाही उरली नव्हती. बाबा गेल्यापासून आईला कुणी हळदीकुंकवाला बोलावत नव्हतं. यंदा मात्र त्या उमेदवाराच्या प्रचारात फिरणाऱ्या शेजारच्या काकू स्वतः आमंत्रण घेऊन आल्या. “आता असलं काही मानायचं नाही, बाई,” म्हणाल्या. मताला नवरा लागत नाही, हे त्यांना बरोबर निवडणुकीतच सुचलं.

आई गेली नाही. दुसऱ्या दिवशी काकू कुकर घेऊन घरीच आल्या. आमची उजळणी चालली होती.

“मला नको,” आई म्हणाली. “माझ्याकडे दोन आहेत.”

“कुकर नका घेऊ, पण मत आपल्यालाच द्या.”

“मत कुणाला ते सांगत नसतात, काकू.”

काकू हसल्या आणि माझ्याकडे वळल्या. “हिच्या पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आले तेव्हा साक्षीची सही मीच केली ना? मी विचारलं होतं का काही?”

काकूंनी पर्समधून भंडाऱ्याची पुडी काढली. प्रत्येक घरी तो उचलायला लावून त्या मताची शपथ वदवून घेत फिरत होत्या. आई म्हणाली, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही.

“मग लेकीच्या डोक्यावर हात ठेवा. तिच्यावर तर आहे ना?”

मी उठून जायला हवं होतं. काकूंना दार दाखवायला हवं होतं. आयसीयूत डॉक्टरांशी वाद घालणारी मी, तिथे मान खाली घालून वहीकडे बघत बसले. काकू काही उलटसुलट बोलल्या तर आणखी कुठला कागद अडेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मग आईचा हात माझ्या केसांवर टेकला. ती पुटपुटत काहीतरी म्हणाली. काकूंनी कुकर टीपॉयवर ठेवला आणि जाताना मला म्हणाल्या, “छान शीक हो. मोठी हो.”

आईने पुन्हा वही उचलली नाही. मला स्वतःची इतकी किळस आली की मी जाऊन साबणाने डोकं धुतलं.

मतदानाच्या दिवशी आम्ही दोघी सकाळीच शाळेतल्या केंद्रावर गेलो. आई आडोशामागे गेली आणि नेहमीपेक्षा बराच वेळ तिथे उभी राहिली. मला बरं वाटलं. आत तिच्या मागे कुणी नव्हतं, कसली सही नव्हती. काकूंना चाट बसणार म्हणून मी मनातल्या मनात हसूनही घेतलं.

परतताना मी विचारलंच, “दुसऱ्यालाच दिलंस ना?”

आयुष्यात पहिल्यांदा तिने मला मत सांगितलं. “त्यालाच दिलं. खूप ठरवलं होतं गं. बोट दुसऱ्या बटणावर नेलंही होतं. पण तुझ्या डोक्यावर हात ठेवला होता मी. तू एवढ्या लांब जाणार, विमानाने. तुला काही झालं असतं तर?”

मी तिच्यावर ओरडणार होते. तोंड उघडलंही. पण तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की ते ऐकून मला हायसं वाटलं होतं.