डाव्या हाताचा द्रोण

एटापल्लीच्या बस स्टँडवर आईने माझ्या हातात पळसाच्या पानांत बांधलेला भात दिला, तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि मला त्या पुडक्याची लाज वाटली. "वाटेत खाऊन घेजो," एवढंच ती म्हणाली. गाडी हलेपर्यंत बाबा खिडकीला हात लावून उभे होते. मी पुण्याला नर्सिंग शिकायला निघाले होते. चंद्रपूरच्या स्टँडवर कोणी बघत नाही असं पाहून भात संपवला आणि पानं बाकाखाली सरकवली. तिकडे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखंच निघून आलेल्यांनो, हे आज कबूल करून टाकते.

पुढे पुण्यातच नोकरी, लग्न आणि ओवी. ओवी आता पाच वर्षांची आहे. आमच्या सोसायटीत रविवारी मुलांचा 'नेचर क्राफ्ट'चा क्लास भरतो. वाळकी पानं कापायची, कार्डपेपरवर चिकटवायची आणि घुबड नाहीतर मासा करायचा. ज्या पानांची मला लाज वाटली होती, तसल्याच पानांची कलाकुसर शिकायला मी पोरीला नवा फ्रॉक घालून नेत होते. पण ओवीच्या कात्रीने काही म्हणून कापलं जायचं नाही. पान मुडपायचं, ती रडायची, आणि बाकीच्यांची घुबडं तयार व्हायची.

शाळेतही तेच चाललं होतं. टीचर म्हणाल्या, "हिची ग्रिप फार कच्ची आहे. एकदा डॉक्टरांना दाखवा. नाहीतर हिला याच वर्गात आणखी एक वर्ष ठेवावं लागेल." मी दवाखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या आयांना धीर देते, पण त्या दिवशी मला स्वतःला धीर देता आला नाही. पोरगी मागे पडली, असंच मनाने घेतलं. मी तिला रोज गिरवायला बसवू लागले. ती पेन्सिल डाव्या हातात घ्यायची, मी काढून उजव्या हातात द्यायची. मला वाटायचं, लागेल सवय.

मे महिन्यात आम्ही दोघी गावी गेलो. बुद्धपौर्णिमा दोन दिवसांवर होती. विहारात खीर वाटतात, आणि तिचे द्रोण आमच्या आळीतल्या बायका घरीच शिवतात. गरम खिरीने कागदाचे द्रोण लोळतात, असं आईचं ठाम मत आहे. अंगणात पळसाच्या ताज्या पानांचा ढीग पडला होता आणि बाजूला बांबूच्या बारीक काड्या. ओवी न विचारताच ढिगापाशी जाऊन बसली. तिने काडी डाव्या हातात घेतली. मी सवयीने पुढे झाले आणि ती तिच्या उजव्या हातात दिली. काडी पान फाडून बाहेर आली. ओवीने पान खाली टाकलं.

आई बघत होती. "काऊन हात बदलून राह्यली तिचा?"

"अवं आई, डाव्या हातानं कसं जमंल?"

"पानाले का मालूम, कोणत्या हातानं शिवलं!"

मग आईने जे केलं ते माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मी नेहमी ओवीच्या शेजारी बसून शिकवायची. आई उठली आणि तिच्या समोर जाऊन बसली. "माह्याकडं पाह्य बाई, मी करते तसंच कर." आईचा उजवा हात हलला की समोर ओवीचा डावा हात हलायचा, आरशात हलावा तसा. पान दुमडलं, काडी खालून वर आली, पुन्हा खाली गेली, उरलेलं टोक मोडलं. पहिले दोन बिघडले, तिसरा द्रोण उभा राहिला. आईच्या द्रोणांशेजारी तो उलट्या बाजूने वळलेला दिसत होता, एवढाच फरक.

पौर्णिमेला आईने त्याच द्रोणात ओवीला खीर वाढली. कढत, पातळ खीर. मी त्या द्रोणाच्या बुडाकडे बघत होते. ओवीने तो दोन्ही हातांनी उचलला, खाली वाकून पाहिलं आणि अख्ख्या विहाराला ऐकू जाईल अशी ओरडली, "आजी, गळत नाहीये!"

मला हसू आलं आणि रडूही. पोरीच्या हातात काही खोट नव्हती. खोट माझ्या घाईत होती. इतके महिने मी तिचा चांगला हात बाजूला सारून दुसरा पुढे ओढत होते, आणि वर तिलाच कच्ची म्हणत होते. तरी खरं सांगते, त्या क्षणी अपराधीपणापेक्षा सुटकाच जास्त वाटली. छातीवरचा धोंडा कोणी उचलून नेला होता.

जूनमध्ये परत आल्यावर मी टीचरना सगळं सांगितलं. त्यांनीही डोक्याला हात लावला आणि ओवीला पुढच्या वर्गात घेतलं. डावखुऱ्या मुलांची वेगळी कात्री मिळते, हेही त्यांनीच सांगितलं. अक्षर अजून वाकडंतिकडं येतं, पण ती रडत नाही. ती लिहायला बसली की मी समोर बसते.

घर म्हणजे काय, असं कोणी विचारलं तर आता माझ्याकडे उत्तर आहे. जिथे लेकराचा हात कोणी बदलत नाही, ते घर. तसं घर तिकडे आधीपासून होतं. इकडे ते यंदाच्या जूनपासून आहे.