शकूरभाईंनी मागितलेला महिना

शकूरभाई गेल्याची बातमी आमच्या राजारामपुरीतल्या अपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. खाली सेक्रेटरींचा मजकूर... ‘निसर्गमित्र हरपला’. दुसऱ्या दिवशी फाटकावर डिजिटल फलकही लागला. महिना उलटला, तरी त्या दोन शब्दांनी माझं डोकं तापतं.

शकूरभाई हुपरीचे, चांदीचे पैंजण घडवणारे कारागीर. मधमाश्या न मारता त्यांची पोळी दुसरीकडे हलवायची, हा त्यांचा नाद. माझ्या गॅलरीतल्या रिकाम्या खोक्यात सातेरी जातीच्या मधमाश्यांनी घर केलं, तेव्हा ते पहिल्यांदा आले. एकेक पोळं अलगद कापून लाकडी पेटीच्या चौकटीला दोऱ्यानं बांधलं आणि मला जवळ बोलावलं. माश्या एकमेकींचे पाय धरून लोंबत होत्या. “बगा बाई, आमच्या पैंजणाची साखळी हाय का न्हाई? मेण ह्यांच्या पोटातनंच येतंय. खोल्या सहा कोनाच्या, आन् हातात पट्टी न्हाई!” मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, मधमाशीचं घर पाहिलं ते त्या दिवशी.

गेल्या हिवाळ्यात तिसऱ्या मजल्याच्या छज्ज्याखाली आग्या मोहोळ बसलं. लोक घाबरले, आणि ते रास्तच होतं. आग्या माशी डिवचली तर जिवावर उठते. मी शकूरभाईंना बोलावलं. खालून बराच वेळ न्याहाळून ते सेक्रेटरींना म्हणाले, “हे बिऱ्हाड फिरस्तं हाय. फुलोरा सरला की आपसूक उठंल. महिनाभर त्या बाजूच्या खिडक्या लावून घ्या. घर बांधलंय त्यांनी, दरोडा न्हाई घातला.” सेक्रेटरींनी मान डोलावली. त्याच आठवड्यात मीटिंग घेऊन फवारणी ठरवली. मी तिथं बसले होते... आणि गप्प बसले.

फवारणी झाल्याचं कळताच शकूरभाई हुपरीहून एसटीनं आले. फरशीवर माश्यांचा खच, काही अजून पाय ओढत होत्या. त्यांनी पोळ्याचा तुकडा उचलला. खोल्यांमध्ये पांढऱ्या अळ्या होत्या. “पोरं हुती की ह्यात,” ते म्हणाले. सेक्रेटरी हसले, “चाचा, माश्याच त्या! किती मनाला लावून घेताय?” शकूरभाई तो तुकडा हातात घेऊनच फाटकाबाहेर पडले. पुन्हा आमच्या इमारतीत आले नाहीत.

ते हृदयविकारानं गेले. फवारणीनं गेले, असं मी म्हणणार नाही. पण ज्याला आपण एक महिना दिला नाही, त्याच्या नावानं फलक लावताना लाज कशी वाटली नाही? हे मी सेक्रेटरींना फाटकातच, चारचौघांत विचारलं, आणि फलक उतरवायला लावला. त्या मीटिंगमध्ये उघडायला हवं होतं ते तोंड तेव्हा उघडलं. उशिरा.

परवा हुपरीला गेले. त्यांच्या पत्नी रजियाभाभींनी कामाची खोली दाखवली. हत्यारं फडक्यात गुंडाळलेली. भिंतीतल्या बंद कपाटाच्या फटीतून माश्यांची ये-जा चालू होती.

“माझं कपडं ठेवायचं कपाट हुतं हे,” भाभी म्हणाल्या. “दोन वर्सं झाली, उघडू दिलं न्हाई त्यांनी. लई भांडले मी.”

“आणि आता?”

फटीसमोर माश्यांच्या वाटेत एक स्टूल आलं होतं, ते भाभींनी ओढून बाजूला ठेवलं.