मान वळव, रविना

मंगळूच्या हाताला चव होती आणि तोंडाला लगाम नव्हता. मोखाडा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत तो वीस वर्षं स्वयंपाकी. पोरं ताट पुढे करून तोंडावर सांगायची, "काका, आमटी खारट!" त्याला कधी राग आला नाही. दुसऱ्या दिवशी मीठ बेताचं पडायचं.

शाळेत मुलींचं रग्बी सुरू झालं, तेव्हा हा गडी पळी हातात घेऊनच मैदानाच्या कडेला उभा राहू लागला. बघून बघून नियम पाठ झाले. या खेळात चेंडू पुढे फेकायचा नाही, मागून येणाऱ्या आपल्या गड्यालाच द्यायचा. सूर्यमाळच्या रविनाचं नेमकं तिथंच अडायचं. पोरगी वारा प्यालेल्या वासरासारखी पळायची, पण चेंडू देताना मागे बघायची नाही. मागून हाक आली की हाकेच्या अंदाजानं द्यायची. कारण एकट्या मंगळूला ठाऊक होतं. लहानपणापासून डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन चढण चढलेली पोर ती, मान हलली की पाणी सांडणार! "मान वळव गं!" तो रोज ओरडायचा. ओरडला की ती वळवायची, नाही ओरडला की पुन्हा ताठ.

पुढे रविना भारताच्या संघात गेली. तिचा पहिला सामना सगळ्यांनी शाळेतल्या टीव्हीवर पाहिला. स्टेडियमच्या गोंगाटात तिला मागची हाक ऐकू येईना. दोनदा चेंडू भलतीकडे गेला आणि आपण हरलो. मंगळू बोलून गेला, "चूक रविनाचीच. मान नाय वळवत ती."

झालं! मुख्याध्यापक कमलेश सर उसळले. "देशासाठी खेळतेय ती! तुम्ही कधी चेंडू हातात धरलाय का?" रविनाची आई हिराबाई पदरानं डोळे पुसत होती. ते पाहून मंगळू वरमला. आमटी खारट म्हणायला रांधता यावं लागत नाही, हे उत्तर त्याला सुचलं ते घरी जाताना. वरातीमागून घोडं! त्या दिवसापासून त्यानं तोंडाला कुलूप घातलं.

सुट्टीत रविनाचा शाळेत सत्कार झाला. हार, नारळ, भाषणं उरकून ती थेट स्वयंपाकघरात आली आणि चुलीपाशी बसली.

"काका, तू तरी सांग ना. काय चुकला माझा?"

शब्द मंगळूच्या ओठांवर आले. पण दारात हिराबाई उभी होती.

"कायच नाय," तो म्हणाला. "बेस खेळलीस."

"सगळीच असा सांगतात," रविना म्हणाली आणि उठून गेली.

पुढच्या स्पर्धेत तीच चूक, तीनदा. संघातून तिचं नाव गळलं ते गळलंच. तिकडच्या शिकवणाऱ्यांना चूक दिसली नसेल असं नाही, पण त्या चुकीचं मूळ हंड्यात आहे हे त्यांना कोण सांगणार? जो सांगू शकत होता तो शहाणा होऊन बसला होता! मंगळूला जेवण गोड लागेना.

यंदाच्या उन्हाळ्यात तो सूर्यमाळला गेला. रविना विहिरीवरून पाणी घेऊन चढत होती, डोक्यावर दोन हंडे. तो धापा टाकत तिच्या मागे चालू लागला.

"रविना, तू मान नाय वळवत होतीस. मला पयल्याच दिवशी दिसला होता. मी तुझ्याशी खोटा बोललो."

ती थांबली.

"तवाच सांगाचा होता, काका."

आवाजात राग नव्हता, तेच त्याला जास्त लागलं. डोक्यावर पाणी होतं, म्हणून तिनं मागे वळून पाहिलं नाही. तशीच चढ चढत गेली.