सून-हीचं ‘आनि’

सून-हीला मी पहिल्यांदा जेवायला वाढलं, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी भात वाढला, ती म्हणाली, “आनि.” मी आणखी वाढला. ती घाईघाईने म्हणाली, “आनि, आनि!” मी भाताचा डोंगर केला आणि वर आमटी ओतली. मुलांनो, पुण्याकडची माणसं ‘आणखी’ म्हणतात तिथे आम्ही धारवाडकडचे ‘आणि’ म्हणतो: आणि भात घे, आणि आमटी वाढू का. कोरियाहून आलेली मुलगी आल्या दिवशीच आपल्या बोलीत भात मागते, याचं मला कोण कौतुक! ताटात टाकू नये, ही शिकवण तिच्याही घरची होती. तिने तो डोंगर संपवला आणि डोळे पुसत मला इंग्रजीत सांगितलं, की तिच्या भाषेत ‘आनि’ म्हणजे ‘नाही’. तुमच्या आजोबांना हसता हसता ठसका लागला.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी कॉलेजातून निवृत्त झाले होते. आमच्या मालमड्डीच्या घराची मागची खोली आम्ही तिला दिली होती. धारवाडला ती एका वृद्ध गवयांकडे गाणं शिकायला आली होती. तिच्या नावानेही घोटाळा केलाच. शेजारच्या कमलाबाईंनी कुंपणावरून विचारलं, “कोण हो ही?” मी म्हटलं, “सून-ही.” “अगं बाई! लग्न केव्हा केलंत? पत्रिका नाही, पेढा नाही!” त्या आठवडाभर माझ्याशी नीट बोलल्या नाहीत.

तिचं वाद्य होतं हेगम. दोन रेशमी तारा, बांबूची दांडी, खाली नारळाच्या करवंटीएवढा डबा. मांडी घालून बसायचं, वाद्य डाव्या गुडघ्यावर उभं धरायचं आणि गज दोन तारांच्या मधून ओढायचा. बोटं टेकवायला खाली पट्टी नाही. तारा मुठीत आवळल्या की सूर चढतो, सैल सोडल्या की उतरतो. त्यामुळे सून-ही घाबरली की आम्हाला स्वयंपाकघरात कळायचं. मूठ आपोआप आवळली जायची आणि सूर वर जायचा. “अक्का, भीती हातात,” ती म्हणायची. तिचं मराठी तेव्हा असंच होतं, क्रियापदांवाचून चालणारं.

एका संध्याकाळी ती क्लासहून परतलीच नाही. अंधार पडायला लागला, तशी आमची घालमेल सुरू झाली. शेवटी एका मंगल कार्यालयातून फोन आला, “तुमच्या पाहुण्या आमच्या वरातीबरोबर आल्यात. जेवायला बसवलंय.” हुबळीच्या कमरीपेठेतला बँड धारवाडला लग्नाला आला होता आणि ही त्याच्या सॅक्सोफोनमागे चालत गेली होती.

त्या बँडचे मालक शंकर मास्तर. तरुणपणी ते हुबळीच्या रेल्वे क्लबात नाचाच्या रात्री वाजवायचे. तिथे मोठा जॅझ बँड होता. सॅक्सोफोन, ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन यांच्या रांगा, मागे ड्रम. साहेब गेले, नाच संपले आणि मास्तर लग्नाच्या वरातीत आले. पण त्यांच्या सॅक्सोफोनमधला तो झोका गेला नव्हता. सून-हीने तोच ऐकला. तिला हेगमचं जुनं कोरियन संगीत अशाच मोठ्या बँडबरोबर वाजवायचं होतं. सोलमध्ये तिने एकदा प्रयत्न केला होता. तेव्हा तिचे वडील कार्यक्रमाच्या मध्येच उठून चालते झाले. ते स्वतः हेगमचे गुरू. त्यानंतर बापलेकीचं बोलणं बंद होतं.

कमरीपेठेत तालमी सुरू झाल्या. दुभाषी म्हणून मी बसने जायची. पहिल्या तालमीत सून-ही ओरडली, “आनि! आनि!” आणि बँड दुप्पट जोराने वाजू लागला. ती जितकी ओरडे, तितके हे गाल फुगवत. मी मध्ये पडून अर्थ सांगितला. मास्तरांनी कपाळावर हात मारला. “असं होय! मी म्हणतोय, या बाईचं पोट भरतच नाही की!” मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, “ऐका रे. बाई ‘आनि’ म्हटली की तोंडातलं वाद्य खाली. एकदम गप्प. समजलं?”

खरी अडचण तालाची होती. तिचा ठेका बारा मात्रांचा, पण जोर नवव्या मात्रेवर. ड्रम वाजवणाऱ्या बसूचा हात सवयीने पहिलीवरच पडायचा. “समेवर मारायचं सोडून नऊवर?” तो कुरकुरला. “आमच्या आजोबांनी असलं कधी केलं नाही.”

“तुझ्या आजोबांनी ड्रम तरी कुठं बघितला होता?” मास्तर म्हणाले. “बाई सांगते तसं मार.”

अशा तालमी चालू असतानाच सोलहून तिच्या वडिलांचा फोन आला. त्या दिवशी सून-ही जेवली नाही. स्वयंपाकघरातल्या पाटावर बसून तिने सांगितलं, “अप्पा येणार.” कोरियनमध्येही वडिलांना अप्पाच म्हणतात. “एकदा ऐकणार. हेगम अप्पांचं, त्यांच्या गुरूंनी दिलेलं. अप्पा ‘आनि’ म्हणाले तर परत देणार. मी शब्द दिला.”

“आणि मग तू काय वाजवशील?”

“मग नाही वाजवणार.”

तिचा स्वर इतका शांत होता, की मीच घाबरले.

कार्यक्रम रेल्वे क्लबातच ठरला. नाचाच्या जुन्या लाकडी फरशीवर खुर्च्या मांडल्या होत्या. पुढे निमंत्रित, मागे कमरीपेठेतली सगळी आळी. वडील काळा सूट घालून माझ्या शेजारी ताठ बसले होते. लहानखुरे गृहस्थ, नजर अतिशय तीक्ष्ण. त्यांना इंग्रजी येत होतं, पण माझ्या तीन प्रश्नांना त्यांनी तीनदा नुसती मान हलवली.

सून-हीने सुरुवात एकटीने केली. सूर चढलेला होता, ते मलासुद्धा कळलं. भीती हातात. वडिलांनी डोळे मिटले. तेवढ्यात मास्तरांनी सॅक्सोफोन उचलला आणि तिला खाली न ओढता आपला सूर तिच्यापर्यंत वर सरकवून नेला. ते तिथेच तिच्याबरोबर राहिले आणि मग दोघं मिळून हळूहळू उतरले, जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला हात द्यावा तसे. मागून ट्रम्पेटची रांग उठली. माझ्या अंगावर काटा आला. मागची आळी तर खुर्च्यांवरून पुढे झुकली होती.

आणि बसूचा हात पहिलीवर पडला. एकदा. पुन्हा एकदा.

वडील ताडकन उठले. “आनि!” त्यांचा आवाज खणखणीत होता. “आनि! आनि!”

मास्तरांची शिस्त आठवते ना? सगळी वाद्यं खाली आली. सून-हीचा गज तारांमध्येच थांबला. आणि मग मागून कोणीतरी ओरडलं, “आणि! आणि!” परदेशी पाहुणेच उठून आणखी मागताहेत म्हटल्यावर आळी कशाला गप्प बसते? “आणि! आणि!” टाळ्या, शिट्ट्या. कन्नड बोलणाऱ्यांनी आपलं “इन्नोम्मे! इन्नोम्मे!” सुरू केलं. सगळं सभागृह आणखी मागत होतं.

त्या गोंधळात सून-ही उठली. हेगम दोन्ही हातांवर आडवं धरून ती पायऱ्या उतरली आणि वडिलांसमोर येऊन, मान खाली घालून उभी राहिली. तिने शब्द दिला होता.

वडील तिच्याकडे पाहत नव्हते. ते मागे वळून त्या शेकडो तोंडांकडे पाहत होते. त्यांनी मला इंग्रजीत विचारलं, “हे लोकही नाही म्हणतायत?”

“नाही,” मी म्हटलं. “आमच्याकडे या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. ते म्हणतायत, अजून हवं.”

ते माझ्याकडे पाहत राहिले. मी काही बनवून सांगते आहे का, हे जोखत असावेत. लेकीचे हात पुढेच होते. त्यांनी हेगम घेतलं नाही. ते स्टेजवरच्या बसूकडे वळले, वाकून खुर्चीच्या दांड्यावर बोटांनी बारा मात्रा मोजल्या आणि नववीवर असा काही तळहात मारला की दांडा कडकडला. पुन्हा मोजल्या, पुन्हा मारला. बसूने काड्या उचलल्या. तिसऱ्या वेळी दोघांचा हात एकदम पडला.

वडील खाली बसले. सून-ही बराच वेळ तशीच उभी होती. मग पायऱ्या चढून परत गेली.

त्यांचा तो नकार सगळ्या बँडला होता की एकट्या बसूला, हे मला आजही ठाऊक नाही. त्यांनी कौतुकाचा एक शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे जेवले. मी भात घेऊन उभी राहिले, तेव्हा त्यांनी माझ्या हातातल्या डावाकडे पाहिलं आणि काही न बोलता ताटावर दोन्ही हात धरले. एवढ्यावरच सून-ही हसली. ते आल्यापासून पहिल्यांदा.

वर्षभराने तीही सोलला परत गेली, हेगम घेऊन. तिथे तिने आपला मोठा बँड उभा केला. मास्तरांना तिने कॅसेट पाठवली होती. ती ऐकून ते म्हणाले, “सॅक्सोफोनवाला बरा आहे. पण वरातीत चाललेला दिसत नाही.” मास्तर गेले तेव्हा मी तिला कळवलं. त्यानंतर मधली काही वर्षं नुसत्या नववर्षाच्या शुभेच्छा येत राहिल्या.

मग एका दुपारी फोन आला. तिचे वडील गेले होते. शेवटी शेवटी त्यांना बोलणं जड जात होतं, ती म्हणाली. ती रोज त्यांच्या खाटेशेजारी बसून हेगम वाजवायची आणि तालमीत भरून घेतलेल्या टेपवर मास्तरांचा सॅक्सोफोन लावून ठेवायची. एक दिवस त्यांचे डोळे मिटलेले पाहून तिने विचारलं, “अप्पा, थांबू का?”

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“आनि.”

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

“मग मी नाही थांबले, अक्का,” ती म्हणाली. “तुमच्या भाषेत घ्या नाहीतर आमच्या.”