गोठलेल्या मिरच्यांची फोडणी
अगं, फोन नीट कानाला लाव, नेहमी अर्धंच ऐकतेस. आज फ्रीझरमधून बाल्कनीतल्या मिरच्यांची पिशवी काढली आणि लॉकडाऊनमधली ती दुपार आठवली. तुझे काका चार दिवस तापाने, खोकल्याने पडलेले. मी घाईत गोठलेल्या मिरच्या न पुसताच गरम तेलात टाकल्या. काय तडतडल्या म्हणून सांगू, घरभर झणझणीत धूर. मी आणि सासूबाई खोकून बेजार, हे मात्र कॉटवर शांत. लेकाचा खोकला थांबला म्हणून सासूबाई खूश. म्हणाल्या, "बघ गो, खोकलो गेलो माझ्या झिलाचो." मी यांना विचारलं, "वास येतोय ना?" तर म्हणाले, "कसला?" मी गॅस बंद केला. संध्याकाळी ॲम्ब्युलन्स यांना घेऊन गेली, ते परत आलेच नाहीत. झाडाला अजून मिरच्या लागतात, मी आपली पिशव्या भरून ठेवते. सासूबाईही मग गावी गेल्या, एकटीसाठी फोडणी करवत नाही गं. या रविवारी जेवायलाच ये.