आबांसाठी खेकड्याचा रस्सा

साक्रीकडच्या आमच्या घरात खेकडे शिजत नाहीत. सासूबाईंच्या, म्हणजे अक्कांच्या, गळ्यात माळ आहे. त्यामुळे घरातले पुरुष शेतातच तीन दगडांची चूल मांडतात. त्यासाठीचं काळं पातेलंही तिथेच झाडाला टांगलेलं असतं. खाऊन, चूळ भरून मंडळी इतक्या साळसूद चेहऱ्याने घरी येतात, जणू भजनाहूनच आली. अक्कांना सगळं माहीत असतं. त्या फक्त आंघोळीचं पाणी तापवून ठेवतात.

गेल्या पावसाळ्याअखेर सासरे, आमचे आबा, तापाने आडवे झाले. ताप उतरला, पण अन्नावरची वासनाच उडाली. ताट आलं की भिंतीकडे तोंड फिरवायचे. डॉक्टर म्हणाले, आता औषधापेक्षा पोटात काहीतरी जायला हवं. एका दुपारी आबा हळूच मला म्हणाले, "पोरी, खेकडासना रस्सा भेटना ते दोन घास खासू." शेतापर्यंत चालायचं बळ त्यांच्यात नव्हतं.

मी तशीच बाजारात गेले. पांझरा नदीच्या काठी बिळांत हात घालून खेकडे धरणारी एक बाई तिथे पाटी घेऊन बसते. "नांग्या मोडी देऊ का?" तिने विचारलं. मला कळवळा आला. म्हटलं, नको, राहू दे. ती खो खो हसली. "खावाले लई जाई ऱ्हायनी आन दया करी ऱ्हायनी!"

घरी येऊन खेकड्यांची बादली परसात ठेवली आणि नवऱ्याला शेतातलं पातेलं आणायला पिटाळलं. बादलीवर झाकण काही ठेवलं नाही. खेकडे एकमेकांचे पाय ओढतात, त्यांना झाकण लागत नाही, असं लहानपणापासून ऐकत आले होते. हे ज्याने सांगितलं त्याने खेकडे कधी घरी आणले नसावेत. थोड्या वेळाने पाहते तर बादली निम्मी रिकामी, आणि स्वयंपाकघरात देव्हाऱ्याखाली एक महाशय नांग्या उगारून बसलेले. समोर अक्का.

अक्कांनी पदर खोचला, वाकल्या आणि खेकडा पाठीमागून दोन बोटांत उचलला. "मांगून धरनं पडस," म्हणाल्या. "माहेरले नदीमा मी बी धरेल शेतस."

मी आबांची इच्छा सांगून टाकली. त्यांनी हातातला खेकडा परसातल्या बादलीत परत टाकला. मग स्वतःच तीन दगड मांडले. घरातल्या मिक्सरला मला हात लावू दिला नाही. खेकड्यांचे बारीक पाय दगडावर ठेचून पाण्यात गाळले, कांदा-खोबरं निखाऱ्यावर भाजलं आणि नवऱ्याने शेतातून आणलेल्या पातेल्यात रस्सा शिजवला. मी घुटमळत होते, तर म्हणाल्या, "देवले काय सांगनं ते मी सांगसू."

वाटी आबांपुढे आली. त्यांनी एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. "मीठ नई शे."

मला रडूच आलं. मिठाची बरणी आणायला उठले, तर अक्कांनी हातानेच थांबवलं. त्यांनी वाटीत बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. माळ घातल्यापासून त्या जिभेला असलं काही शिवलं नव्हतं.

"मीठ बराबर शे," त्या म्हणाल्या. "तुमनं तोंड कडू व्हई जायेल शे. प्या."

आबा त्यांच्या माळेकडे पाहत राहिले. मग दोन्ही हातांनी वाटी तोंडाला लावली आणि तळ दिसेपर्यंत खाली ठेवली नाही.